सळ्या आणि सह्या : पर्वरीतील एका जुन्या वसाहतीची पुनर्बांधणी

गोव्यात पणजीसमोर, पर्वरीच्या सड्यावर (पठारावर) आमच्या सोसायटीच्या चार इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकीत १६ सदनिका. अ आणि ब १९७९ मध्ये बांधल्या, क आणि ड १९८३ मध्ये. आज अ आणि ब दुरुस्त होऊन उभ्या आहेत, तर क आणि ड पाडून त्यांच्या जागी नव्या इमारतीचे जोत्यापर्यंतचे काम झाले आहे. आधी बांधलेल्या टिकल्या आणि नंतरच्या गेल्या, हे असे उलटे का झाले, आणि पाडायचे ठरल्यावरही पहिला घण पडायला पाच वर्षे का लागली, ते इथे लिहीत आहोत. म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को, कुठेही त्या काळातली सोसायटी घ्या, हाच प्रश्न आज ना उद्या समोर येणार आहे. आमच्या चुकांमुळे कुणाची दोन वर्षे वाचली तरी लिहिल्याचे सार्थक आहे.

वसाहतीचा इतिहास आधी सांगायला हवा, कारण तपासणीत तोच एकेका खांबातून बाहेर आला. मांडवीवर १९७० मध्ये पूल होईपर्यंत पर्वरी म्हणजे जांभ्याचा उघडा सडा, मधूनमधून काजू. पणजीला जायचे तर बेतीला उतरून फेरीबोट धरायची. पूल झाला आणि पणजीत जागा न परवडणाऱ्या नोकरदाराला हा सडा जवळचा झाला. १९६८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, पीडीए (नियोजन व विकास प्राधिकरण) कॉलनी, आणि आमच्यासारख्या सरकारी व बँक कर्मचाऱ्यांच्या सहकारी सोसायट्या याच वीस वर्षांतल्या. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला आणि पणजीला कामाला जाणारी माणसे पुन्हा फेरीबोटीवर आली. नंतर नवे पूल झाले, २००० मध्ये विधानसभा संकुल पर्वरीत आले, राष्ट्रीय महामार्ग १७ चा ६६ झाला, आणि कडेची वसाहत शहराच्या मधोमध येऊन बसली.

या प्रत्येक टप्प्याने इमारतींवर थोडे थोडे वजन चढवले. मुले मोठी झाली तशा बाल्कन्या बंद झाल्या, त्याही काठावर चिऱ्याची भिंत उभारून. बाल्कनी ही एका बाजूने धरलेली झुलती फळी असते. तिची मुख्य सळी वरच्या थरात असते आणि काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली ती हमखास खाली दबते. मूळ हिशेबात तिच्या काठावर फक्त हलका कठडा धरलेला. तिथे चिऱ्याची भिंत, वर खिडकी, तिला लोखंडी जाळी. पाणी दिवसाआड येऊ लागले तेव्हा गच्चीवर ज्याची त्याची ५०० लिटरची टाकी आली, म्हणजे पाण्याचेच अर्धा टन वजन एका जागी. मग गळती थांबवण्यासाठी लोखंडी सांगाड्यावर पत्रे. त्या सांगाड्याचे पाय बसवायला गच्चीच्या स्लॅबमध्ये भोके पाडली, आणि पाणी आत शिरायला तीच वाट झाली. तळमजल्यावर दवाखाना आणि शिकवणी वर्ग आले, त्यासाठी दोन ठिकाणी भिंती काढल्या गेल्या. यातल्या एकाही बदलाचा कागद सोसायटीकडे नव्हता.

आता तपासणी. पहिल्यांदा आम्ही स्वस्तात काम उरकले आणि त्यात एक पूर्ण मोसम गमावला. ज्या संस्थेला काम दिले तिने फक्त रिबाउंड हॅमर वापरला, म्हणजे काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठोकून उसळीचा आकडा वाचण्याचे यंत्र. आकडे उत्तम आले. क इमारतीचा अहवाल तर सगळ्यात चांगला. खरी गोष्ट अशी की हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे मुरला की काँक्रीटचा वरचा थर अधिक टणक होतो आणि हॅमर फसवा, चढा आकडा दाखवतो. त्याच वेळी त्या थरातला अल्कलीपणा संपलेला असतो आणि सळीला गंजापासून वाचवणारे कवच गेलेले असते. जुन्या इमारतीत एकट्या हॅमरच्या आकड्यावर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.

पुढच्या हिवाळ्यात पुरी तपासणी केली. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते पाहतात. जुन्या आयएस १३३११ मानकाप्रमाणे सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर चांगले, तीनच्या खाली गेले तर शंकास्पद धरत. हाफ-सेल चाचणीसाठी एके ठिकाणी सळी उघडी करून तिला तार जोडावी लागते आणि पृष्ठभाग आधी ओला करावा लागतो. तांब्याच्या सल्फेटचा इलेक्ट्रोड वापरून आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक धरतात. कार्बोनेशन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किती खोल मुरला ते, पाहायला ताज्या फोडलेल्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. गुलाबी झाले तर काँक्रीट जिवंत आहे, रंगच आला नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत ते गेले. फोडून ठेवलेल्या जुन्या पृष्ठभागावर फवारू नये, तिथे निकाल चुकतो. कोअर, म्हणजे काँक्रीट कोरून काढलेला दंडगोल नमुना, काढण्याआधी सळ्या शोधण्याचे यंत्र फिरवलेच पाहिजे, नाहीतर नमुन्यासाठी खांबाची मुख्य सळीच कापली जाते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी मूळ प्रतीच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नाही, हा निकष. आमचे मूळ काँक्रीट एम-१५ (१५ न्यूटन ताकदीचे), म्हणजे सरासरी किमान १२.७५ आणि एकटा कोअर किमान ११.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.

या सगळ्यांत आमचा निर्णय ठरवणारी चाचणी होती क्लोराइडची, म्हणजे सळी गंजवणाऱ्या मिठाच्या अंशाची, आणि नेमकी तीच बहुतेक सोसायट्या खर्च वाचवायला गाळतात. खांबात छिद्र पाडून ० ते २०, २० ते ४० आणि ४० ते ६० मिलिमीटर अशा तीन थरांतली पूड वेगवेगळी गोळा करायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. क्लोराइड बाहेर जास्त आणि आत कमी असेल तर ते खाऱ्या वाऱ्याने आलेले असते. तिन्ही थरांत सारखेच असेल तर ते काँक्रीट कालवतानाच आत आले, रेतीतून किंवा पाण्यातून. अ आणि ब मध्ये आकडे मर्यादेत होते. क आणि ड मध्ये तिन्ही थरांत सारखे, आणि आयएस ४५६ ची घनमीटरला ०.६ किलोची मर्यादा ओलांडून बरेच वर. १९८३ मध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली नदीची रेती न धुता वापरली गेली, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या नद्यांत खारे पाणी मुखापासून बरेच आत चढते, त्यामुळे रेती नदीची म्हणजे गोडी, हा समज गोव्यात चालत नाही. त्यात सळ्या त्या काळच्या, पिळलेल्या टोर स्टीलच्या. थंड अवस्थेत पीळ दिल्याने त्या लवकर गंज धरतात.

क आणि ड मध्ये दुरुस्ती का टिकत नव्हती तेही याच चाचणीने कळले. तिथे पूर्वी दोनदा दुरुस्ती झाली होती आणि तीन-चार वर्षांत ठिगळाच्या कडेने नव्या भेगा आल्या होत्या. सगळ्यांनी ठेकेदाराला दोष दिला. क्लोराइड भिनलेल्या काँक्रीटमध्ये एक तुकडा काढून तिथे नवा, स्वच्छ मसाला भरला, की त्या तुकड्यातली सळी सुरक्षित होते आणि गंजण्याची क्रिया ठिगळाच्या कडेला, शेजारच्या जुन्या काँक्रीटमधल्या सळीकडे सरकते. ठेकेदाराने कितीही नीट काम केले असते तरी तेच झाले असते. अशा इमारतीत ठिगळांवर पैसा घालू नये. अ आणि ब दुरुस्त करायच्या, क आणि ड पाडायच्या, हा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला तो या एका तक्त्याच्या जोरावर. सभेत क-ड च्या लोकांना हे पटवणे सोपे नव्हते. वरून त्यांच्या इमारती अ-ब पेक्षा नव्या आणि नीटनेटक्या दिसत होत्या.

अ-ब च्या दुरुस्तीचे थोडक्यात सांगतो. काम नोव्हेंबरला सुरू करून एप्रिलअखेर बाहेरची बाजू बंद झालीच पाहिजे. आधी टेकू, मग फोडकाम. सळीच्या मागेही दोन-अडीच सेंटिमीटर मोकळे झाले पाहिजे, नुसती समोरची बाजू घासून रंग लावला तर मागून गंज चालूच राहतो. साफ केलेल्या सळीला त्याच दिवशी संरक्षक लेप, मग जोडलेप, मग पॉलिमर मसाल्याचे थर. खांबांना मायक्रो काँक्रीटचा वेढा. न्हाणीघर-संडासाखालचा खोलगट स्लॅब सगळ्यात वाईट अवस्थेत होता. त्यातला वीटतुकड्यांचा भराव चाळीस वर्षे स्पंजासारखा पाणी धरून होता. तो पूर्ण उपसून, नवे नहाणी ट्रॅप बसवून, ४८ तास पाणी साठवून खालून छत कोरडे असल्याचे पाहिल्याशिवाय वर फरशी लावू दिली नाही. करारात एक जागा सांभाळायची असते. दर चौरस मीटरला असतो, पण तो किती जाडीपर्यंत, ते बारीक अक्षरात असते. फोडल्यावर जाडी दुप्पट निघते आणि वाद होतो. म्हणून मसाला भरण्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून मोजमाप, फोटो आणि सही. हे रोज केले आणि शेवटच्या बिलावर एकही प्रश्न आला नाही.

क-ड च्या बाबतीत मात्र इमारतीपेक्षा कागदच जास्त जीर्ण निघाले.

सोसायटीची नोंदणी जुनी, महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा गोव्यात लागू होता तेव्हाची. आता गोव्याचा स्वतःचा २००१ चा कायदा आहे. नोंदणी ठीक होती. पण एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, काढला तर जमीन अजून मूळ भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावावर. ठेकेदाराने त्याच्याशी केवळ करार केला होता, खरेदीखत झालेलेच नव्हते, आणि चाळीस वर्षे घरपट्टी भरत राहिलेल्या सदस्यांना वाटत होते की जागा आपली आहे. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही. कुणीतरी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाच्या सहीविना जागा सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करा असे सुचवले. तो महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्यातला मार्ग आहे आणि तो कायदा गोव्यात नाही. पुनर्विकासासाठी तिथल्या सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली निघालेला शासननिर्णयही इथे बंधनकारक नाही, मात्र निविदा आणि सभांचा क्रम ठरवायला नमुना म्हणून तो वाचावा, चांगला उपयोग होतो. आम्हाला भाटकाराच्या वारसांकडून रीतसर खरेदीखत करून घेण्याखेरीज दुसरा रस्ता नव्हता.

आणि इथे गोव्याचा नागरी कायदा येतो. इथे लग्नानंतर, वेगळा विवाहपूर्व करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे खरेदीखतावर, करारावर, संमतीपत्रावर दोघांची सही लागते, सदनिका एकाच्याच नावावर घेतलेली असली तरीही. एक जण वारला की निम्मा भाग जोडीदाराचा स्वतःचा राहतो आणि उरलेला निम्मा वारसांत जातो. मृत्युपत्र केले असले तरी आपल्या वाट्याचा अर्धा भाग मुलांसाठी राखीवच असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि लग्न झालेल्या प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराची सही. मुंबई-पुण्याच्या वकिलाने केलेला मसुदा इथे तोकडा पडतो तो यामुळेच. आमच्या क आणि ड मध्ये मिळून ३२ सदनिका, पण यादी केली तेव्हा लागणाऱ्या सह्या १०३ भरल्या. भाटकाराच्या कुटुंबाच्या सह्या त्याहून वेगळ्या.

त्यामुळे सोसायट्यांना आमचे कळकळीचे सांगणे की सल्लागार किंवा बिल्डर शोधण्याआधी ही यादी करा. प्रत्येक सदनिकेसाठी एक पान. मूळ सदस्य, विवाहाचा दाखला, जोडीदार, मृत्यू झाला असल्यास दाखला, वारस, वारसांचे जोडीदार, ते कुठे राहतात. ज्यांचे लग्न गोव्याबाहेर झाले त्यांना कोणता कायदा लागतो यावर वाद घालण्यात वेळ जातो, आम्ही तिथेही दोघांच्या सह्या घेतल्या आणि विषय मिटवला. वारस कोण यावर सगळ्यांचे एकमत असेल तर २०१२ च्या वारसा कायद्याखाली स्पेशल नोटरीपुढे वारसा-दस्त होतो. वाटणीवर भांडण असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) दावा लागतो, आणि त्याला किती वर्षे लागतील ते सांगता येत नाही. आमच्याकडे दोन सदनिकांचे दावे आधीच चालू होते. तिथे दावेदारांनी एकत्र संमती दिली की पुनर्बांधणीला कुणाचीच हरकत नाही, नवी सदनिका न्यायालय ठरवेल त्याची, तोवर ताबा सोसायटीकडे. ही संमती न्यायालयात दाखल करून घेतली. हे सुचायला आम्हाला आठ महिने लागले.

परदेशातल्या सह्यांचे वेगळेच. पोर्तुगाल, इंग्लंड, आखात, सगळीकडे कुणी ना कुणी. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून किंवा अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा, परदेशात चालणारा शिक्का) करून आणावे लागते, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. आमची दोन मुखत्यारपत्रे खणात पडून राहिली, मुदत गेली, आणि ती पुन्हा मागवावी लागली. पाकीट कुरिअरने आले त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी, पाकीटही ठेवावे. मुखत्यारपत्रात 'मालमत्तेची सर्व कामे' असे मोघम लिहू नये. विशिष्ट सदनिका, विशिष्ट करार आणि नोंदणीला हजर राहण्याचा अधिकार, एवढेच लिहावे. माणसे सही द्यायला कचरतात ती मोघम शब्दांमुळे, आणि त्यांचे बरोबर असते.

खरेदीखत म्हापशाच्या उपनिबंधकाकडे नोंदवल्यावर काम संपत नाही. मामलेदारांकडे म्युटेशनचा (फेरफाराचा) अर्ज, संबंधितांना नोटिसा, हरकतीची मुदत, आणि मग एक-चौदावर सोसायटीचे नाव. त्याच्या जोडीने हद्दीची मोजणीही करून घेतली. एका बाजूची कुंपणभिंत नकाशातल्या रेषेच्या आत निघाली, म्हणजे चाळीस वर्षे वापरात नसलेली पट्टी कागदावर आमची होती. शेजाऱ्यांशी बोलून रेषा मान्य करून घेतली. नव्या इमारतीचे कडेचे अंतर हद्दीपासून मोजतात, त्यामुळे अर्धा मीटर इकडेतिकडे झाला तर आख्खा आराखडा बदलतो.

मूळ मंजूर नकाशा मिळवणे हेही एक प्रकरण. त्या काळचे नकाशे अमोनिया प्रिंटवर, निळ्या रेघा पुसट झालेल्या. पंचायत आणि नगरनियोजन खाते, दोन्हीकडे माहिती अधिकारात अर्ज केला. एकीकडे फाइल मिळाली, तिची प्रमाणित प्रत घेतली. हा नकाशा हातात नसता तर बंद केलेल्या बाल्कन्यांचा वाद कधीच मिटला नसता. ज्यांनी बाल्कनी खोलीत घेतली ते ती खोली धरून क्षेत्रफळ मागत होते, ज्यांनी नियम पाळला ते विचारत होते की आम्ही का कमी घ्यायचे. ठरले ते असे की मूळ मंजूर नकाशात जे आहे तेच मोजायचे, सर्वांना सारखे. क्षेत्रफळ ठरवताना जुन्या करारातला बिल्ट-अप (बाहेरच्या भिंतींसह) आकडा आणि रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातला कार्पेट आकडा एकत्र येऊ देऊ नका. रेराच्या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. आम्ही प्रत्येक सदनिका टेपने मोजली आणि सदस्याची सही घेतली. गोव्यात आपण चौरस मीटरमध्येच विचार करतो. बाहेरचे प्रस्ताव चौरस फुटांत येतात, १०.७६४ ने भागल्याशिवाय त्यातला एकही आकडा सभेपुढे ठेवायचा नाही असा आम्ही नियम केला.

खरे गणित झोनिंगच्या दाखल्यावर असते. त्यावर जो एफएआर, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, येतो तो भूखंडाच्या परिणामी क्षेत्राला लावायचा. रस्ता रुंदीकरणाची रेषा भूखंडातून जात असेल तर तेवढी जागा आधी वजा होते, महामार्गाजवळच्या सोसायट्यांनी हे पहिल्यांदा पाहावे. त्यातून आधीचे बांधकाम वजा केले की विकायला काय उरते ते कळते. अ आणि ब उभ्याच राहणार असल्याने त्यांचे क्षेत्रही आमच्या हिशेबात होते, आणि शेवटी सदस्यांच्या ३२ शिवाय जेमतेम ८ सदनिकांना जागा उरली. एवढ्यावर कोणताही बिल्डर फुकट घर, भाडे आणि वर निधी देऊ शकत नाही. तसे प्रस्ताव मात्र आले. बारकाईने वाचले तेव्हा एकात एफएआर मंजुरीपेक्षा जास्त गृहीत धरलेला होता आणि दुसऱ्यात सदस्यांचे कार्पेट कमी होत होते. म्हणून सोसायटीने स्वतःच बांधायचे ठरवले. सदस्यांनी टप्प्याटप्प्याने वर्गणी द्यायची, ८ सदनिका विकून उरलेला खर्च भागवायचा, आणि ज्या निवृत्त सदस्यांना वर्गणी शक्य नाही त्यांनी हवे तर लहान सदनिका घेऊन फरक सोसायटीला सोडायचा. सहा जणांनी तसे केले. तो पर्याय सुरुवातीपासून ठेवला नसता तर त्यांना घर विकून जावे लागले असते.

एकदा आठ सदनिका बाजारात विकायच्या ठरल्या की रेरा नोंदणी आलीच. विक्री, जाहिरात काहीच नसलेल्या पुनर्विकासाला ती लागत नाही. नोंदणी झाली की कायद्याने सोसायटीच प्रवर्तक ठरते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते केवळ त्या प्रकल्पाच्या बांधकामावर व जमिनीच्या खर्चावर वापरायचे. ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषाची जबाबदारी सोसायटीवर. म्हणून बांधकाम ठेकेदाराच्या करारात तीच पाच वर्षे, त्याच शब्दांत घातली आणि अनामत रक्कम तोवर राखून ठेवली. नगरनियोजनाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला, पंचायतीचा बांधकाम परवाना, पायाभूत सुविधा कर, बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर, ही साखळी सगळ्यांना माहीत असते. एकच सांगतो, आवारातल्या झाडांसाठी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालची परवानगी वेगळी असते आणि तिचा अर्ज शेवटी आठवतो.

पाडण्याआधी प्रत्येक सदनिकेचे वीज आणि पाण्याचे मीटर रीतसर बंद करून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. जुन्या खाते क्रमांकांची यादी जपून ठेवली, नव्या जोडण्यांच्या वेळी ती लागेल. पाडकामाच्या कचऱ्यासाठी तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या नियमांनुसार महिन्याला ३०० टनांवर मलबा निघणार असेल तर वर्गीकरण करून आराखडा द्यावा लागत होता. एका इमारतीतच तो आकडा ओलांडतो. शाबूत चिरे वेगळे रचले, कुंपणाला आणि आवारातल्या वाटेला तेच वापरणार आहोत. सांडपाण्याचे जुने नळ आणि गच्चीवरचे काही पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे होते. ते पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवले. मशीन लावून पाडले असते तर त्याची धूळ अ-ब च्या खिडक्यांतून आत गेली असती. जुना सेप्टिक टँक उपसून, आत खाली उतरण्याआधी दोन दिवस झाकणे उघडी ठेवली. या टाक्यांत विषारी वायू साचतो, त्यामुळे तिथे कुणालाही घाईने उतरू देऊ नये.

पायाच्या वेळी सड्याने आम्हाला शहाणे केले. वर जांभ्याचा कडक थर आहे, म्हणून कुणीही म्हणते की इथे माती तपासायची काय गरज. बोअर घेतले तर अडीच मीटरच्या कडक कवचाखाली मऊ, पांढरट-पिवळी चिकणमाती. जांभ्याची रचनाच अशी असते, वर कवच आणि खाली भिजली की सैल पडणारी माती. जुन्या हलक्या इमारतींचे पाय त्या कवचावर निवांत बसले होते. नवी इमारत खाली वाहनतळ आणि वर चार मजले, म्हणजे अधिक जड, आणि पाया खोल खणला असता तर कवच पातळ झाले असते. म्हणून उथळ खणून सलग राफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब, घातला, भार पसरला गेला. बोअर कवच फोडून खाली किमान काही मीटर गेलेच पाहिजेत. कवच लागताच 'खडक लागला' म्हणून यंत्र थांबवणारे लोक आहेत, तिथे कमिटीतले कुणी उभे असावे.

काँक्रीट एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नाही, बाहेरच्या भागात सळीवर ४५ मिलिमीटर आवरण. आवरणासाठी काँक्रीटचेच ठोकळे, फरशीचे तुकडे नाहीत. रेतीची प्रत्येक खेप क्लोराइडसाठी तपासतो. पाण्याचेही तसेच. सळीच्या काँक्रीटला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइड ही मर्यादा आहे आणि मे महिन्यात टँकर कुठल्या विहिरीतून भरून येतो ते चालकालाही नीट सांगता येत नाही. एक टँकर परत पाठवला, त्या दिवशीचे काम थांबले, आणि त्यावर कमिटीत एकानेही तक्रार केली नाही.

जोत्यापर्यंतचे काम मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. पुढचे खांब पावसानंतर. जोत्यातून वर आलेल्या सळ्यांना दाट सिमेंट-पाण्याचा लेप दिला आहे, वर प्लास्टिकची टोपणे घालून बुंध्याला ताडपत्री बांधली आहे, आणि राफ्टवर पाणी साचू नये म्हणून चार कोपऱ्यांना उतार काढून दिला आहे. ऑक्टोबरात काम सुरू होईल तेव्हा तो लेप तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडून काढायचा आहे, नाहीतर नवे काँक्रीट सळीला धरणार नाही. ठेकेदाराच्या कामाच्या यादीत हे आजच लिहून ठेवले आहे.